घोडीचा गर्भपात

गाभण घोडी साधारण 340 दिवसांनी विते. त्याआधीच गर्भ मरून पडला, तर ती गाभडली असे म्हणतात. मात्र पहिल्या चाळीस दिवसांत गर्भ गेला तर बहुधा काहीच पडत नाही. पंधराव्या-सोळाव्या दिवशी सोनोग्राफीत दिसलेला काळा गोल ठिपका पुढच्या तपासणीत सापडत नाही, एवढीच काय ती खूण. घोडीचे वाढलेले वय, गर्भाशयाच्या अस्तराला आलेली सूज आणि गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष ही यामागची नेहमीची कारणे.

पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भाच्या काही पेशी अस्तरात रुजतात आणि तीन-चार महिने संप्रेरक सोडत राहतात. त्या काळात गर्भ गेला तरी संप्रेरक रक्तात राहते. घोडी नीट माजावर येत नाही, रक्ततपासणीही गाभणच सांगते आणि मालकाचा सगळा हंगाम फुकट जातो.

जुळे गाई-म्हशींना झेपते, घोडीला सहसा नाही. तिची वार, म्हणजे गर्भाला पोसणारे आवरण, गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या अस्तराला भिडून पोषण घेते. तीच जागा दोघांत वाटली गेली की दोन्ही गर्भ उपाशी राहतात आणि बहुतेकदा शेवटच्या काही महिन्यांत दोघेही पडतात. पूर्वी संसर्गाखेरीजच्या कारणांत जुळ्यांचा क्रमांक पहिला होता. 1980 च्या दशकात सोनोग्राफी रुळली आणि सोळाव्या दिवसाच्या आत एक गर्भ दाबून फोडता येऊ लागला. तेव्हापासून नियमित तपासणी होणाऱ्या तबेल्यांत हे प्रमाण खूपच उतरले.

संसर्गांत सर्वांत धास्ती अश्व हर्पिस विषाणू-1 ची. गर्भपात बहुधा सातव्या महिन्यानंतर होतो. घोडी त्याआधी ठणठणीत दिसते, आणि शिंगरू ताजे, कित्येकदा वारेत गुंडाळलेलेच पडते. एकीपासून शेजारच्या अनेक गाभण घोड्यांना लागण होऊ शकते. विषाणू अंगात सुप्तही राहतो आणि प्रवासासारख्या ताणाने पुन्हा उठतो. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात लस देतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतात अशी लस तयार केली आहे.

जिवाणूंमुळे येणारी वारेची सूज मात्र चाहूल देते: वेळेआधी कास भरते, योनीतून स्राव येतो. जंतू बहुधा गर्भाशयमुखातून वर चढतात, म्हणून वारेचा तिथला भाग आधी बिघडतो. भारतात चावऱ्या माश्यांनी पसरणारा सर्रा हा रोगही विसरून चालत नाही. ब्रिटनमध्ये नाळेला पडलेला जादा पीळ हे एक मोठे कारण ठरले आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात 2001 च्या वसंतात गर्भपातांची लाटच आली. जंगली चेरीच्या झाडांवरचे केसाळ सुरवंट चाऱ्याबरोबर पोटात गेल्याचे त्यामागे आढळले.

तपासात शिंगराइतकीच वार महत्त्वाची, आणि नेमकी तीच उकिरड्यावर जाते. वार बहुधा उलटी होऊन पडते. ती सुलटी करून, धुऊन, इंग्रजी एफ अक्षरासारखी पसरतात: दोन फाटे म्हणजे गर्भाशयाची दोन शिंगे. मखमली लाल पृष्ठभागावर कुठे जाड, मळकट, चिकट पट्टा आहे का, हे गर्भाशयमुखाच्या टोकापासून पाहत जायचे. जुळे असेल तर दोन वारा जिथे एकमेकींना टेकल्या होत्या, तिथे फिकट, टकला डाग दिसतो. वार तोलतात; पूर्ण दिवसांच्या शिंगराच्या वजनाच्या सुमारे 11 टक्के भरणे नेहमीचे. नाळेची लांबी मोजतात. पिळांच्या जागी सूज वा रक्त साकळलेले असेल तरच पिळाला दोष देतात, कारण थोडा पीळ निरोगी नाळेतही असतो.

शिंगराच्या छातीत पाणी आणि यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले की हर्पिसचा संशय बळावतो. फुफ्फुस, यकृत, प्लीहा, थायमस (छातीतली ग्रंथी) आणि वार यांचे तुकडे दोन परींनी पाठवतात: काही फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात, काही बर्फावर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि जंतुसंवर्धनासाठी. फॉर्मलिनमधल्या तुकड्यात जंतू वाढत नाहीत. घोडीचे रक्त लगेच आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घेतात.

उत्तर येईपर्यंत ती घोडी वेगळी बांधतात आणि इतर गाभण घोड्यांची ने-आण थांबवतात. हातमोज्यांशिवाय वारेला हात लावू नये: लेप्टोस्पायरासारखे काही जंतू माणसालाही बाधतात.