बेसिन ट्रायल म्हणजे सी ट्रायल नव्हे

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ हे 80 मीटरचं संशोधन-जहाज बांधलं सुरतेत, म्हणजे बडोद्याच्या अंगणातच. तरी अशा जहाजाची ‘चाचणी झाली’ म्हटलं की कोणती, हे इथे सहसा कुणी विचारत नाही.

बेसिन ट्रायल धक्क्याला बांधलेल्या जहाजावर होते, सी ट्रायल खुल्या समुद्रात. बडोद्याच्या कलाभवनात (इंजिनिअरिंग कॉलेजात) मेकॅनिकल केलेल्यांनी ती टेस्ट बेडची, म्हणजे इंजिन जहाजाबाहेर बसवून तपासण्याची, पुढची पायरी समजावी: वंगणाचा दाब, कूलिंगच्या पाण्याचं तापमान, अलार्म, इमर्जन्सी स्टॉप, लोड बँक (कृत्रिम विद्युत भार देणारं यंत्र) लावून जनरेटरवर पूर्ण भार. प्रोपेलर मात्र पूर्ण ताकदीने फिरवत नाहीत. जहाज जागचं हलत नसल्याने कमी फेऱ्यांतच टॉर्कची (पिळाच्या जोराची) मर्यादा गाठली जाते, दोरांवर ताण येतो आणि तळाचा गाळ उसळून समुद्रपाण्याच्या गाळण्या तुंबतात.

सुकाणूही इथे फिरतं, पण पाण्याच्या जोराशिवाय. अट आहे ती पूर्ण वेगातली: एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत. धक्क्यावर 20 सेकंदांत झालं म्हणून हुरळून जाऊ नये.

वेग समुद्रातच मोजायचा, तोही जाता-येता. प्रवाह 1.5 नॉट असेल तर जाताना 14.5, येताना 11.5, खरा वेग 13. पण भरतीबरोबर प्रवाह बदलत राहतो, म्हणून चार फेऱ्या घेतात, मधल्या दोन तिपटीने धरतात आणि बेरजेला 8 ने भागतात. खंभातचं आखात आपल्याला जवळ खरं, पण या कामाचं नाही: प्रवाह जबर, पाणी उथळ, आणि उथळ पाण्यात जहाज मंदावतं.

संशोधन-जहाजाचा कस लागतो तो यानंतर. लाटांत नाळेपाशी (जहाजाच्या पुढच्या टोकापाशी) दबलेली हवा बुडबुडे होऊन तळाखालून मागे वाहते. ती मल्टिबीमच्या (अनेक ध्वनिकिरण सोडून समुद्रतळाची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या-टिपणाऱ्या भागावर, आली की प्रतिध्वनी गायब. म्हणून डिझाइनमध्येच ट्रान्सड्यूसर जहाजाच्या तळाखाली लटकवलेल्या कप्प्यात (गोंडोलात) किंवा खाली सरकणाऱ्या पात्यात (ड्रॉप कीलमध्ये) बसवतात. ही युक्ती साधली की नाही, ते धक्क्यावर कळणं शक्यच नाही. कॅव्हिटेशनचा (प्रोपेलरवर बाष्पाचे बुडबुडे होऊन फुटण्याचा) गोंगाट कोणत्या वेगाला सुरू होतो, तेही खोल पाण्यात हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) सोडल्यावरच समजतं.

शेवटी पॅच टेस्ट, म्हणजे ट्रान्सड्यूसर किती तिरका बसला ते शोधणारी चाचणी. ट्रान्सड्यूसर अर्धा अंश जरी कलता बसला, तरी 1000 मीटर खोलीवर उभ्या रेषेपासून 60 अंश बाजूला जाणाऱ्या बीमला (ध्वनिकिरणाला) सुमारे 15 मीटरची चूक येते आणि सपाट तळ उतरता दिसतो. त्याच रेषेवरून उलट दिशेने गेलं की उतारही उलटतो. दोन्हींची तुलना करून काढलेला कोन सॉफ्टवेअरमध्ये भरतात.