नॅनोकणाने काय पांघरलंय?

सोन्याचं पाणी पिवळं नसतं. १५-२० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले, की ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. त्यात मीठ टाका, लाल रंग जाऊन निळा-जांभळा येतो. विद्युतभारामुळे एकमेकांपासून फटकून राहणारे कण मिठामुळे जवळ येतात आणि त्यांचे पुंजके बनतात. मिठाआधी चिमूटभर जिलेटिन घातलेलं असेल, तर मात्र लाल रंग टिकून राहतो. रिचर्ड झिगमोंडी यांनी १९०१ मध्ये यावरून, पुंजके रोखायच्या या ताकदीचं 'सुवर्णांक' हे मापच ठरवलं. पुढे १९१२ मध्ये कार्ल लांगे यांनी हेच लाल पाणी मेंदू-मज्जारज्जूतल्या द्रवाच्या तपासणीला लावलं. मेंदूपर्यंत पोचलेला उपदंश (सिफिलिस) रंगबदलावरून ओळखायची ती चाचणी होती. प्रथिनं सोन्याच्या कणावर जाऊन बसतात, हे तेव्हाच कामाला आलं होतं. बसल्यावर त्या प्रथिनांचं काय होतं, हे पाहायची साधनं मात्र नव्हती.

आता ती आहेत, आणि त्यांतून जे दिसतं ते औषध बनवणाऱ्यांची झोप उडवणारं आहे. औषध पोचवायला बनवलेला असा इवला कण, म्हणजे नॅनोकण, रक्तात शिरला की काही क्षणांतच त्याच्यावर प्रथिनांचा थर चढतो. प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने खपून घडवलेला त्याचा पृष्ठभाग पेशीला बहुतेक वेळा दिसतच नाही. तिला दिसतं ते त्याने अंगावर घेतलेलं पांघरूण. आयर्लंडमधल्या डब्लिन आणि स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी २००७ मध्ये या थराला 'प्रोटीन कोरोना' हे नाव रूढ केलं. कोरोना म्हणजे मुकुट. या नावाचा विषाणूशी काही संबंध नाही, पण २०२० नंतर हे दर वेळी सांगावं लागतं.

या पांघरुणात कोण असतं? पहिल्यांदा सहसा रक्तात ज्यांची गर्दी आहे ती प्रथिनं, म्हणजे मुख्यतः अल्ब्युमिन. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये ते ३५ ते ५० ग्रॅम असतं. पण पंगतीत आधी पोरंटोरं बसावीत आणि मग मानकरी आले की त्यांना उठवावं, तसं इथे होतं. संख्येने कमी पण पृष्ठभागाला जास्त घट्ट धरणारी प्रथिनं मागून येतात आणि आधीच्यांना हटवतात. लिओ व्रोमान यांनी १९६० च्या दशकात काचेसारख्या पृष्ठभागांवर रक्तातल्या प्रथिनांची ही अदलाबदल अभ्यासली. हे गृहस्थ डच भाषेतले नावाजलेले कवीही होते. दोन्ही कामं त्यांनी आयुष्यभर केली, याचा मला हेवा वाटतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक पद्धतीने दुमडलेली. पाणी टाळणारे भाग आत, पाणी आवडणारे बाहेर, ही त्या घडीमागची एक मोठी ओढ. ही घडी भक्कम वाटते, पण तिला धरून ठेवणारे बंध एकेकटे दुबळेच असतात. शेजारी एखादा पृष्ठभाग आला आणि त्याने काही ठिकाणी चिकटायला जागा दिली, की घडी ढिली पडू शकते. आत दडलेले भाग बाहेर येतात.

२००४ मध्ये लायसोझाइमवर झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. लायसोझाइम अंड्याच्या पांढऱ्यात असतं, आपल्या अश्रूंतही असतं आणि जीवाणूंची भिंत फोडतं. ते सिलिकाच्या ४, २० आणि १०० नॅनोमीटरच्या कणांवर बसवलं. कण जितका मोठा, तितके प्रथिनातले सर्पिल वेढे जास्त उलगडले आणि त्याची काम करण्याची ताकदही तितकी घटली. कणकेचा सैल गोळा पोळपाटावर ठेवला तर पसरत जातो, गोटीवर टेकवला तर टेकतो तेवढ्याच जागी चिकटतो. ४ नॅनोमीटरचा कण जवळपास लायसोझाइमच्याच मापाचा, म्हणून गोटीसारखा. १०० नॅनोमीटरचा कण त्याच्या दृष्टीने सपाट मैदान. वेढे उलगडले हे कळतं प्रकाशावरून. वर्तुळाकार ध्रुवित अतिनील प्रकाश प्रथिनातून पाठवला, की सर्पिल वेढे २०८ आणि २२२ नॅनोमीटर तरंगलांबीपाशी आलेखात दोन खड्डे दाखवतात. खड्डे उथळ झाले म्हणजे वेढे सुटले.

म्हणजे लहान कण सौम्य, मोठे कण घातक? इथेच फसायला होतं. २०११ मध्ये फायब्रिनोजेनवर काम झालं. जखमेवर रक्त गोठवणारं हे प्रथिन सुमारे ४५ नॅनोमीटर लांबीचं, काडीसारखं. पॉलिॲक्रिलिक आम्लाचं आवरण दिलेले, ऋण भाराचे ५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण त्याला चिकटले आणि ते उलगडलं. उलगडल्यावर त्याचा एरवी झाकलेला तुकडा उघडा पडला. पांढऱ्या पेशींवरच्या 'मॅक-१' या ग्राहीला (रिसेप्टरला) तो तुकडा नेमका ओळखता येतो. पेशींनी दाह वाढवणारे संदेश सोडायला सुरुवात केली. २० नॅनोमीटरचे तसलेच कणही फायब्रिनोजेनला चिकटले, पण हा गोंधळ त्यांनी केला नाही. सोनं निर्विष, हे खरंच. इथे दाह पेटवला तो शरीराच्याच प्रथिनाने, फक्त बिघडलेल्या घडीत.

म्हणून 'नॅनोकण सुरक्षित आहेत का' हा प्रश्न मला जरा भाबडा वाटतो. कण कोणता, त्याचं माप काय, भार कोणता, प्रथिन कोणतं, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या सांध्यांत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे तंतू साचतात. हे तंतू परीक्षानळीत बनायला लागणारा वेळ काही नॅनोकणांनी कमी केला, असं २००७ मध्ये दिसलं. अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड-बीटा या प्रथिनाच्या बाबतीत मात्र बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांनी तंतू बनणं लांबवलं.

पांघरुणाने पत्ता झाकला जातो, हेही घडतं. कर्करोगाच्या पेशींना लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाची ओढ असते, म्हणून कणांवर ट्रान्सफेरिन लावून औषध थेट तिथे पोचवायचं, ही जुनी कल्पना. पण रक्तातल्या प्रथिनांचा थर वर चढला की ती ओळख दबते, हे डब्लिनच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं. त्यावर उपाय म्हणून कणांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण देतात. थर त्याने कमी होतो, पण पुरता टळत नाही.

मग कुणीतरी ठरवलं, थर चढणारच असेल तर त्यालाच कामाला लावू. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे आरएनए औषध मेदाच्या नॅनोकणांत भरलेलं असतं. शिरेतून आत गेल्यावर हे कण रक्तातलं 'अपोलिपोप्रोटीन ई' अंगावर ओढून घेतात. यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला कोलेस्टेरॉल वाहणारा नेहमीचा हमाल समजून दार उघडतात. आत गेलेलं औषध ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बनणं रोखतं. ते यकृतात तयार होतं, आणि हे औषध ज्यांच्यासाठी आहे त्या रुग्णांत त्याची घडी बिघडून ते मज्जातंतूंमध्ये आणि हृदयात साचत जातं.