रिअल इस्टेट होलसेलिंग

रिअल इस्टेट होलसेलिंग म्हणजे घर विकत न घेता त्या घराच्या खरेदीचा करार विकायचा, आणि हा धंदा मुख्यतः अमेरिकेत चालतो. होलसेलर मालकाशी ठरलेल्या भावात करार करतो आणि क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर व्हायची, तारीख यायच्या आत तो करार एखाद्या गुंतवणूकदाराला देऊन टाकतो, मधला फरक म्हणजे असाइनमेंट फी, तीच त्याची कमाई. घर त्याच्या नावावर होतच नाही, त्यामुळे लोन लागत नाही, विसाराची रक्कम तेवढी भरावी लागते, म्हणून तर नवखे लोक इकडे वळतात.

करारात खरेदीदाराच्या नावापुढे 'अँड ऑर असाइन्स' (म्हणजे तो किंवा तो ज्याला करार देईल तो) एवढेच शब्द घालतात, सगळा धंदा त्यावर उभा आहे. जप्त केलेली घरं बँक विकते तेव्हा मात्र बहुतेकदा करार पुढे देता येत नाही. मग डबल क्लोजिंग, म्हणजे घर आधी स्वतः घेऊन लगेच पुढे विकायचं, त्यात खर्च दोनदा पडतो.

नवखा माणूस अडकतो तो हिशोबात. घर दुरुस्त झाल्यावर बाजारात केवढ्याला जाईल तो आकडा म्हणजे एआरव्ही, त्याच्या 70 टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, मग स्वतःची फी. समजा एआरव्ही 2,00,000 डॉलर, तर 70 टक्के झाले 1,40,000, दुरुस्ती 40,000, फी 10,000, म्हणजे मालकाला जास्तीत जास्त 90,000 सांगता येतात. दुरुस्तीचा अंदाज 15,000 ने चुकला की पुढचा गुंतवणूकदार पाठ फिरवतो आणि करार आपल्याच गळ्यात राहतो. म्हणून ज्याला छप्पर, पाया, प्लंबिंग कळतं अशा कंत्राटदाराला सोबत नेऊन घर बघावं, फोटोवरून अंदाज अजिबात बांधू नये.

विकणारे शोधायला लोक गाडी घेऊन गल्ल्या फिरतात, गुडघाभर गवत, टपालाने गच्च भरलेली पेटी, छपरावर ताडपत्री असं काही दिसलं की पत्ता टिपून घेतात. टॅक्स थकलेल्या आणि वारसाहक्काच्या घरांच्या याद्या सरकारी नोंदींतून निघतात. फोन करायचे तर आधी डू नॉट कॉल रजिस्ट्री, म्हणजे असे फोन नको म्हणणाऱ्यांची सरकारी यादी, तपासावी लागते. पण माझं स्पष्ट मत आहे की रोखीने घेणारे चार-पाच गुंतवणूकदार आधी हाताशी हवेत, त्यांना कुठल्या भागात काय हवंय ते विचारून मगच घर शोधायला निघावं, बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आणि मालकाला सगळं खरं सांगावं. घर विकणाऱ्यांत कुणी कर्जात बुडालेलं असतं, कुणाच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो, आपण करार पुढे विकणार आहोत हे त्यांना सहीच्या आधी कळायलाच हवं.

कायदा राज्यागणिक बदलतो. इलिनॉयमध्ये 2019 पासून 12 महिन्यांत एकापेक्षा जास्त असे व्यवहार केले तर ब्रोकरचं लायसन्स लागतं, ओक्लाहोमाने 2021 मध्ये कायदा केला, पेनसिल्व्हेनियात 2025 च्या जानेवारीपासून होलसेलरला लायसन्स सक्तीचं आहे. जाहिरातही जपून करावी, लायसन्स नसताना 'घर विकणे आहे' असं लिहिलं तर ती विनापरवाना दलाली ठरू शकते, कारण घर अजून मालकाचंच असतं, आपल्या हातात फक्त करारातला हक्क असतो.