मंगाचा डोलारा आणि एक छोटं पोस्टकार्ड

मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हटलं की मोठाले डोळे, उभे राहिलेले केस आणि पानभर चाललेली मारामारी आठवते. त्या चित्रशैलीबद्दल भरपूर लिहून झालं आहे. पण ती शैली जगभर पोचवली ती जपानी प्रकाशकांच्या व्यवहाराने, आणि त्या व्यवहाराचा सगळ्यात यशस्वी, तितकाच निर्दय नमुना म्हणजे शुएइशा या प्रकाशनसंस्थेचं ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये मुलांच्या हातात फारसे पैसे नव्हते आणि करमणूकही फारशी नव्हती. ओसाकात हलक्या कागदावरची, भडक लाल मुखपृष्ठांची चित्रपुस्तकं स्वस्तात विकली जात. वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या ओसामु तेझुकांचं ‘शिन ताकाराजिमा’ १९४७ साली अशाच बाजारात आलं आणि लाखोंनी खपलं. ज्यांना विकत घेणं परवडत नसे, ते भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत जात. पुढे घरोघरी टीव्ही येऊ लागला, दर आठवड्याला काहीतरी नवं बघायची सवय लागली आणि मासिकं मागे पडू लागली. १७ मार्च १९५९ या एकाच दिवशी कोदान्शाचं ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकानचं ‘शोनेन संडे’ अशी मुलांची दोन साप्ताहिकं बाजारात आली.

‘जंप’ अवतरलं त्यानंतर नऊ वर्षांनी, जुलै १९६८ मध्ये. पहिला अंक जेमतेम १ लाख ५ हजार प्रतींचा, तोही सुरुवातीला पाक्षिकाचा. नावाजलेले चित्रकार आधीच्या दोघांकडे अडकलेले. तेव्हा संपादकांनी नवख्यांना हाताशी धरलं. गो नागाई आणि हिरोशी मोतोमिया ही त्यातली दोन नावं. नागाईंच्या वात्रट शाळाकथेवर पालक-शिक्षक संघटना तुटून पडल्या आणि अंकाचा बोलबाला झाला. घडवलेली माणसं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून चित्रकारांना करारांनी बांधून ठेवण्यात आलं.

खरी हुकमत मात्र अंकासोबत येणाऱ्या पोस्टकार्डाची. या अंकातल्या आवडलेल्या तीन मालिका निवडा आणि कार्ड टपालात टाका, एवढंच वाचकाचं काम. त्या कार्डांच्या मोजणीवरून क्रमवारी लागे. तळाला राहिलेल्या नव्या मालिकेला दहाएक आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागे. टीआरपी घसरला की आपल्याकडच्या वाहिन्या मालिका आवरतात, तसंच. फरक इतका की इथे निकाल शाळकरी पोरं देत होती.

या कार्डांनी कथेची घडणच बदलली. अकिरा तोरियामांचा ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ साली चिनी पुराणकथेच्या धर्तीवरची प्रवासकथा म्हणून सुरू झाला. पसंती घसरायला लागली तेव्हा कुस्ती-कराटेच्या स्पर्धा आणल्या गेल्या आणि मालिका उसळली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला लटकत ठेवायचं, प्रत्येक शत्रूनंतर आणखी बलाढ्य शत्रू उभा करायचा, हा साचा पुढच्या असंख्य मालिकांनी गिरवला. त्यामुळे कित्येक चांगल्या कथा उगाच लांबल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्रकार आणि संपादक यांचं नातंही याच दबावात घडे. तोरियामांचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी त्यांचे कच्चे आराखडे शेकडो पानांनी परत पाठवले. तोरियामांनी सूड उगवला तो कागदावरच: ‘डॉ. स्लम्प’ या आपल्या आधीच्या मालिकेतल्या दुष्ट शास्त्रज्ञाला त्यांनी संपादकाचा चेहरा दिला आणि त्याचंच नाव उलटं करून चिकटवलं. तोरिशिमांनी ते छापूही दिलं, हे विशेष.

पैशाचं गणित असं, की साप्ताहिक रद्दी कागदावर, स्वस्तात, वाचून टाकून द्यायला. कमाई व्हायची ती प्रकरणं एकत्र करून काढलेल्या छोट्या पुस्तकांतून, आणि मग ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट), खेळणी, व्हिडिओ गेम यांतून. दर आठवड्याला वीसेक पानं रेखाटणाऱ्याची झोप आणि तब्येत मात्र या हिशोबात कुठेच नसे. १९९४ च्या अखेरीस ‘जंप’च्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या. ‘ड्रॅगन बॉल’ १९९५ मध्ये संपला, बास्केटबॉलचा ‘स्लॅम डंक’ १९९६ मध्ये, आणि १९९७ मध्ये ‘मॅगझिन’ने पहिलं स्थान हिसकावून घेतलं.

याच्या पलीकडेही मंगा होताच. १९६४ साली सुरू झालेल्या ‘गारो’ या मासिकाने प्रौढांसाठीच्या वेगळ्या कामाला जागा दिली; सत्तरच्या दशकात मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया यांनी मुलींच्या मंगाचा चेहरामोहरा पालटला.

प्रभावाचा अंदाज आकड्यांपेक्षा प्रसंगांवरून येतो. ‘आशिता नो जो’ या ‘मॅगझिन’मधल्या मुष्टियुद्धाच्या कथेत रिकिइशी मरण पावला, तेव्हा मार्च १९७० मध्ये कोदान्शाच्या इमारतीत त्या काल्पनिक खेळाडूसाठी शोकसभा भरली आणि शेकडो वाचक आले. २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’चा शेवटचा भाग बघायला मेक्सिकोतल्या चौकांत गर्दी लोटली. आपल्याकडे ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू कार्टून नेटवर्कवरून घराघरांत शिरला. ‘क्योजिन नो होशी’ या १९६६ च्या बेसबॉल-मंगाचं तर २०१२ मध्ये थेट मुंबईत बस्तान बसलं: ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या हिंदी मालिकेत बेसबॉलच्या जागी क्रिकेट आलं आणि नायक झाला मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा.

‘जंप’चा छापील खप आता ऐन भरातल्या खपाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. २०१४ साली शुएइशाने ‘जंप प्लस’ हे ॲप काढलं. ‘स्पाय फॅमिली’ २०१९ मध्ये तिथेच सुरू झाली आणि तिथूनच जगभर गेली. ॲपवर कोणतं प्रकरण किती वाचलं गेलं, हे संपादकांना लगेच दिसतं, टपालाची वाट बघावी लागत नाही.