दुर्मिळ शोभेचे पाम: ओळख आणि घरच्या बागेतली लागवड

माड, पोफळ, ताड, शिंदी ही ज्या कुळातली झाडं, त्याच अ‍ॅरेकेसी कुळातले पण फळासाठी न लावता रूपासाठी लावले जाणारे ते शोभेचे पाम. जगात पामच्या साधारण २,६०० जाती आहेत आणि आपल्या नर्सऱ्यांत फिरून फिरून त्याच दहा-बारा दिसतात, म्हणून त्यापलीकडचं काहीही मिळालं की लोक त्याला ‘रेअर’ म्हणतात. पण दुर्मिळचे अर्थ दोन आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. बॉटल पाम आता बंगल्यांच्या गेटवर सर्रास दिसतो, पण त्याचं मूळ घर म्हणजे मॉरिशसजवळचं छोटंसं राउंड आयलंड, तिथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपं खाऊन टाकल्याने जंगली झाडं अगदी मोजकी उरली होती. त्याच्याच प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे इंग्रजीतलं जीनस, जवळच्या जातींचा गट) हायोफोर्बी अमारिकॉलिस या दुसऱ्या जातीचं तर जगात एकच झाड माहीत आहे, मॉरिशसच्याच क्युरपीप इथल्या बागेत. उलट लाल देठाचा लिपस्टिक पाम मलेशियाकडे ठिकठिकाणी लावलेला असतो, आपल्याकडे मात्र तो जगवणं अवघड म्हणून दुर्मिळ.

ओळखीत पहिला घोटाळा नावांचा. घरोघरी कुंडीत असतो तो ‘एरिका पाम’ मुळात एरिकाच नाही, तो मादागास्करचा क्रिसॅलिडोकार्पस (जुनं नाव डिप्सिस) आहे, खरी एरिका म्हणजे आपली पोफळ! ‘सागो पाम’ म्हणून विकतात तो सायकस, तो पामच नाही, आणि ट्रॅव्हलर्स पाम हा बर्ड ऑफ पॅराडाइजच्या कुळातला, केळीला जवळचा. त्यामुळे टॅगवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून झाड वाचायला शिकावं, कारण झाड ओळखलं की त्याचं मूळ गाव कळतं आणि मूळ गाव कळलं की ऊन, पाणी, माती काय द्यायची याचं अर्धं उत्तर मिळतं.

वाचायची सुरुवात पानापासून. पान पंख्यासारखं आहे की माडाच्या झावळीसारखं, हे सगळेच बघतात, पण त्यापुढची खूण फार थोडे बघतात आणि ती सगळ्यात भरवशाची आहे. झावळीचं एक पातं मधल्या दांड्याला जिथे चिकटतं तिथे बोट लावून घडी कशी आहे ते बघायचं. पन्हळीसारखी वर उघडी, म्हणजे पाणी टाकलं तर धरून ठेवेल अशी घडी असेल तर तो शिंदी-खजुराचा गट किंवा भेरली माडाचा गट. कौलारू छपरासारखी उलटी, पाणी दोन्हीकडे ओघळेल अशी असेल तर माड, पोफळ, रॉयल पाम, फॉक्सटेल वगैरे मोठी मंडळी. त्यातही पन्हळीसारखी घडी आणि देठाच्या बुडाशी पात्यांऐवजी काटे असतील तर तो नक्की फिनिक्स, म्हणजे शिंदीचा भाऊबंद. पातं माशाच्या शेपटीसारखं असेल आणि पान दोनदा विभागलेलं असेल तर तो कॅरिओटा, म्हणजे भेरली माडाची प्रजाती, कारण पूर्ण कुळात असं पान फक्त त्याच प्रजातीला असतं.

मग विरी बघायची. कोकणात पोफळीची जी विरी पडते, जिच्या आता पत्रावळी बनवतात, ती म्हणजे पानाच्या देठाचं खालचं आवरण. ज्या पाममधे या विऱ्या एकमेकींवर घट्ट बसून खोडाच्या टोकाला गुळगुळीत नळी तयार होते (इंग्रजीत क्राउनशाफ्ट म्हणतात) त्यांचा गट वेगळा, आणि ज्यांना ती नसते त्यांचा वेगळा. लिपस्टिक पामचा लाल रंग म्हणजे ही नळी आणि देठ. ट्रायँगल पाममधे नळी नसते, तिथे पानांची बुडं तीन रांगांत बसतात, वरून बघितलं तर अक्षरशः त्रिकोण दिसतो, आणि खालच्या पात्यांपासून दोऱ्यासारखे लांब तंतू लोंबतात.

सगळ्यात जास्त फसवणूक, बऱ्याचदा विकणाऱ्याच्याही अज्ञानातून, बॉटल आणि स्पिंडलच्या रोपांत होते. मोठ्या झाडात फरक सोपा आहे, बॉटल बुडाशी फुगतो आणि वर एकदम बारीक होतो, स्पिंडल मधे फुगतो, चरख्याच्या चातीसारखा. पण दीड-दोन फुटी रोपाला ना बाटली असते ना चाती. तेव्हा देठ बघायचा, बॉटलच्या रोपात देठावर आणि पात्याच्या कडांना तांबूस झाक असते, स्पिंडलच्या देठावर पिवळसर रेघ असते. मी स्वतः एका नर्सरीतून बॉटल म्हणून तीन रोपं आणली होती, त्यातल्या दोघांना ती पिवळी रेघ होती पण तेव्हा मला तिचा अर्थ माहीत नव्हता, सहा वर्षांनी खोड मधे फुगायला लागलं तेव्हा कळलं.

रोपाचं पान आणि मोठ्या झाडाचं पान यात बहुतेक पाममधे एवढा फरक असतो की फोटो जुळवून नाव ठरवणं धोक्याचं. फॉक्सटेलचं पहिलं पान साधं दुभंगलेलं असतं, कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार रूप पुढे काही वर्षांनी येतं. हा पाम ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या केप मेलव्हिलला सापडतो, शास्त्राच्या नोंदीत तो १९८३ साली आला, त्याचं वोडिएशिया हे नाव वोडिएटी या तिथल्या आदिवासी माणसावरून आहे, आणि इतका उशिरा माहीत होऊनही आज तो आपल्या हायवेच्या डिव्हायडरवर दिसतो. त्याचं बी मात्र चुकत नाही, आतल्या कवचावर काळे चपटे दोरे असतात आणि ते दुभंगत जातात, बायफरकाटा हे जातीचं नाव तिथूनच.

बियांपासून करायचं असेल तर बी ताजं हवं, पामचं बी साठवणीला चांगलं नाही. गर पूर्ण काढायचा, भेरली माडासारख्या फळाचा गर हाताला भयंकर खाजतो म्हणून ग्लोव्हज घालूनच. ओलसर कोकोपीटमधे झिपच्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवलं की काही जाती महिन्याभरात, काही वर्षभराने रुजतात, त्यामुळे पिशवी फेकायची घाई करू नये. काही पामचा कोंब बियाला लागूनच वर येतो, पण बिस्मार्किया (मादागास्करचा निळसर पाम), ताड यांचं वेगळं आहे, बियातून आधी मुळासारखा एक दोर खोल जमिनीत उतरतो आणि रोप तिथून वर येतं. त्यांना उथळ ट्रेमधे लावलं तर तो दोर तळाला जाऊन वाकतो. जाड पीव्हीसी पाइपचा फूट-दीड फुटाचा तुकडा उभा करून त्यात लावणं हा स्वस्त आणि चांगला उपाय.

कुठे काय लावायचं हे हवेवर आहे. कोकण-गोव्यात दमट हवा आणि निचऱ्याची जांभ्याची माती, मुंबईत दमट हवा असल्याने लिपस्टिक पाम, घड्या पडलेल्या गोल पानाचा लिक्युआला ग्रँडिस असे नाजूक पाम माडा-पोफळीच्या सावलीत छान होतात. देशावर हेच पाम उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्याने करपतात, थंडीत लिपस्टिक पाम हमखास मान टाकतो, आणि बोअरचं जड पाणी दिलं की पानांची टोकं जळतात. तिथे बिस्मार्किया लावावा, मादागास्करच्या कोरड्या माळरानातला आहे, ऊन जेवढं कडक तेवढा चांदीसारखा निळसर दिसतो. फक्त त्याला सगळ्या बाजूंनी दहा-बारा फूट मोकळी जागा द्यायची तयारी हवी, आणि काळ्या मातीत वाफ्याऐवजी उंचवट्यावर लावायचा, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचलं तर जातो. एकदा जमिनीत लावला की हलवायचा विचार सोडून द्यावा, मुळं तुटलेली त्याला सहन होत नाहीत.

पाम हा आंब्या-फणसासारखा वृक्ष नाही हे लक्षात ठेवलं की बऱ्याच चुका टळतात. खोडाला साल आणि त्याखालचा वाढता थर नसतो, त्यामुळे खिळा ठोकला किंवा गवत कापायच्या मशीनने बुंधा सोलला तर ती जखम कधीच भरून येत नाही. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच, तो मेला की झाड मेलं. आणि पिवळं पडलं म्हणून खालचं पान लगेच कापायची जी सवय आहे ती सोडावी, पोटॅश कमी असलं की झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला देतं, म्हणून जुन्या पानावर पिवळे-नारिंगी ठिपके येतात, ते पान कापलं तर झाड पुढच्या पानातलं ओढायला लागतं. कडा पिवळ्या आणि मधला पट्टा हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. नवं पानच आखूड, कुरतडल्यासारखं येत असेल तर मँगनीज बघावं, चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही.

किडींत माडाचे दोन्ही शत्रू इथेही येतात. गेंड्या भुंगा कोवळ्या गाभ्यात शिरतो, नंतर उघडलेल्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. अशा वेळी भोकात तारेचा हूक घालून भुंगा ओढून काढायचा आणि पानांच्या बेचक्यात वाळू-निंबोळी पेंड भरायची. त्याची पैदास शेणखताच्या जुन्या ढिगात होते, म्हणून महागडं रोप आणि उकिरडा शेजारी नकोत. सोंड्या भुंगा जास्त वाईट, तो जखमेच्या वासावर येतो आणि आतून पोखरतो, बाहेर कळेपर्यंत शेंडा कलंडलेला असतो. त्यामुळे हिरवी पानं उगाच छाटू नयेत.

परदेशी नावांच्या नादात आपले पाम राहून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. बेंटिंकिया कोंडापन्ना दक्षिण सह्याद्रीच्या खडकाळ कड्यांवर वाढतो, या प्रजातीत जगात दोनच जाती आहेत आणि दोन्ही आपल्या, दुसरी निकोबारची. निकोबारचा बेंटिंकिया सडपातळ, देखणा आहे आणि दमट किनाऱ्याच्या बागेत शोभेल असा, जंगलात मात्र त्याची अवस्था नाजूक आहे, म्हणून रोप नर्सरीत बियांपासून केलेलंच घ्यावं. फांद्या फुटणारा रावणताड आपल्या पश्चिम किनाऱ्याचा, दीवमधे त्याला होका म्हणतात. भेरली माड तर सह्याद्रीत कुठेही दिसतो, त्याची फुलांची पोय आधी वरून येते आणि मग वर्षानुवर्षं एकेक खाली उतरत जाते, शेवटची येऊन गेली की झाड संपतं.

आणि बजरबट्टू. लहान मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधायचे ते काळपट मणी याच पामचं बी, कोरिफा अंब्राकुलिफेरा. पान एवढं मोठं की त्याखाली चार-पाच माणसं उभी राहतील, पूर्वी दक्षिणेत त्यावर पोथ्या लिहायचे. हा ३० ते ८० वर्षांनी एकदाच फुलतो, शेंड्यावर येणारा तो फुलोरा वनस्पतींमधला सगळ्यात मोठा शाखायुक्त फुलोरा आहे, फळं पिकायला साधारण वर्ष लागतं आणि मग झाड मरतं. घराशेजारी पाच गुंठे तरी मोकळे असतील तरच लावावा. आणि आसपास कुठे फुललेला दिसला तर त्या मालकाला आत्ताच सांगून ठेवावं, कारण हजारो बिया एकदम खाली पडतात आणि त्याच वर्षी उचलल्या नाहीत तर त्या झाडाचं बी पुन्हा मिळत नाही.