एका छिद्राला किती रेणू? बोंडअळीपासून द्विपद वितरणापर्यंत

खानदेशात कपाशी फुलावर आली की शेतकरी डोमकळ्या शोधत फिरतो. पाकळ्या गुंडाळून मिटलेलं फूल सोडवलं की आत गुलाबी बोंडअळी सापडते. बोंडअळ्या रोखण्यासाठी २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यातलं क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींना चिकटतं, त्याचे रेणू एकमेकांशी जुळतात आणि पेशीच्या पटलाला छिद्र पाडतात. एका छिद्राला असे किती रेणू लागतात, हे संख्याशास्त्रामुळे कळलं.

पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुहेरी पापुद्रा आणि त्यात तरंगणारी प्रथिनं, हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलं. १९९० मध्ये पोपो आणि एंगेलमन यांनी या प्रथिनांच्या जुळणीचे दोन टप्पे सांगितले: आधी एकेक सर्पिल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीची मळसूत्रासारखी गुंडाळी, पटलात स्थिरावतं, मग सर्पिलं एकमेकांना बिलगतात.

ती कशाच्या आधाराने बिलगतात? सेनेस, गर्स्टीन आणि एंगेलमन यांनी २००० साली पटलातल्या सर्पिलांच्या साखळ्या घेतल्या. प्रत्येक साखळीतली अमिनो आम्लं पत्त्यांसारखी पिसली तर एखादी जोडी किती वेळा पडेल, हे गणिताने काढलं आणि प्रत्यक्षातल्या आकड्याशी ताडून पाहिलं. सर्वांत उठून दिसली ती एक ग्लायसिन, मध्ये कोणतीही तीन आम्लं, पुन्हा ग्लायसिन ही जोडी. सर्पिलाच्या एका वेढ्यात ३.६ आम्लं बसतात, म्हणून पहिलं आणि पाचवं आम्ल जवळपास एकाच अंगाला येतात. ग्लायसिन सर्वांत लहान, त्यामुळे तिथे खाच पडते आणि शेजारचं सर्पिल तिला लगटून बसतं. १९९७ मध्ये तांबड्या पेशींच्या पटलातल्या ग्लायकोफोरिन या प्रथिनाच्या रचनेत हे दिसलं होतंच. ते एकट्यापुरतं नव्हतं, हे या मोजणीने दाखवलं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. नुसत्या अक्षरांच्या हिशेबातून आकार हाती आला.

रेणू मोजायची रीत उलब्रिक आणि आयझकॉफ यांची, २००७ ची. प्रत्येक रेणूला चमकणारं प्रथिन जोडायचं, प्रकाशाच्या माऱ्याने ते एकेक विझू द्यायचं आणि उजेड किती पायऱ्यांनी उतरला ते मोजायचं. पण काही दिवे मुळात पेटतच नाहीत. चार रेणूंच्या गटात कुठे तीनच पायऱ्या दिसतात, कुठे दोन. या विखुरलेल्या आकड्यांना द्विपद वितरण, म्हणजे ठरावीक दिव्यांपैकी किती पेटण्याची शक्यता किती हे सांगणारं सूत्र, लावलं की खरी संख्या निघते.

२०११ मध्ये क्राय-१एए या प्रथिनाच्या पायऱ्या अशाच मोजल्या. उत्तर आलं, चार. आपल्या कपाशीत २००२ साली आलेलं क्राय-१एसी हे त्याचंच भावंड. पुढे भारतात त्याला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये कॅडहेरिन हे आतड्यातलं प्रथिन बिघडलेलं आढळलं. क्रायचे रेणू ज्याला येऊन चिकटतात, ते हेच.