ध्वनी-सीडीचे अचूक रिपिंग

ध्वनी-सीडीवरील आकडे, एकही बिट न बदलता, संगणकावर फाइलच्या रूपात उतरवून घेण्याची प्रक्रिया. डिजिटल माध्यम म्हटले की नक्कल हुबेहूब होणारच, असा सर्वसाधारण समज असतो. ध्वनी-सीडीच्या बाबतीत तो खरा नाही.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेले ‘रेड बुक’ मानक घरातल्या प्लेअरवर गाणे सलग वाजावे यासाठी होते. दोन चॅनेल, प्रत्येकात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (ध्वनीची क्षणोक्षणी घेतलेली मापे), दर सॅम्पल १६ बिटांचे. सेकंदाचे ७५ सेक्टर (तुकडे) पडतात आणि एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट ध्वनी मावतो. पुढे आलेल्या सीडी-रॉमने यातले २,०४८ बाइटच माहितीसाठी ठेवले. उरलेल्या जागेत मुख्यतः सेक्टरचा पत्ता आणि चूक सुधारण्याचा जादा थर बसवला. ध्वनी-सीडीत हा थर नाही. पत्ताही वेगळ्या सबचॅनेलमध्ये (ध्वनीसोबत चालणाऱ्या माहितीच्या छोट्या प्रवाहात) असतो आणि ध्वनीशी त्याची सांगड सैल असते. त्यामुळे वाचन मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले, की काही ड्राइव्ह नेमक्या त्याच जागी परतत नाहीत.

चुका सुधारण्याची मूळ सोय आहे ती रीड-सॉलोमन संकेतांवर (जादा आकड्यांवरून हरवलेले आकडे शोधून काढणाऱ्या संकेतांवर) आधारलेली ‘सर्क’ पद्धत. तबकडीवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा दोष ती पूर्ण भरून काढते. चरा त्याहून मोठा असेल, तर आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधली किंमत अंदाजाने बसवली जाते. गाणे ऐकताना हे सहसा जाणवत नाही, आणि खरी अडचण तीच आहे: आकडा वाचलेला की अंदाजाने भरलेला, हे फाइल पाहून सांगता येत नाही.

ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांच्या ‘सीडीपॅरानॉइया’ या रिपिंग सॉफ्टवेअरने एकमेकांवर चढणारे तुकडे वाचून ते जुळवण्याचा मार्ग काढला. आंद्रे वीटहॉफ यांच्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या तशाच सॉफ्टवेअरचा सुरक्षित मोड प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतो. दोन वाचने जुळली नाहीत, तर तोच भाग १६-१६ वेळा वाचून बहुमताचा आकडा घेतला जातो. यात एक मेख आहे. बरेच ड्राइव्ह नुकतेच वाचलेले कॅशेत, म्हणजे आपल्या तात्पुरत्या स्मृतीत, ठेवतात आणि दुसऱ्या वेळी तेच परत देतात. तबकडीला हातही लागत नाही. म्हणून सॉफ्टवेअरला मध्ये दुसरीकडचा भाग वाचायला लावून कॅशे रिकामा करावा लागतो. ‘सर्क’ला न सुधारता आलेल्या जागा दाखवणाऱ्या, ड्राइव्हकडून मिळणाऱ्या ‘सी-२’ त्रुटी-खुणाही उपयोगी पडतात, पण सगळे ड्राइव्ह त्या भरवशाने देतातच असे नाही.

शिवाय प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल पुढे किंवा मागे वाचते. यालाच रीड ऑफसेट म्हणतात. कुठे तो ६ सॅम्पलचा असतो, कुठे ६६७चा, म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंदांचा. कानाला काहीच कळत नाही. मात्र ऑफसेट दुरुस्त केल्याशिवाय दोन ड्राइव्हच्या फाइली बिटाला बिट जुळत नाहीत.

ही जुळणी महत्त्वाची, कारण एकच ड्राइव्ह तीच चूक पुन्हा पुन्हा त्याच रीतीने करू शकतो. ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सामायिक नोंदसंचात जगभरच्या लोकांनी आपापल्या ड्राइव्हवर काढलेल्या ट्रॅकचे चेकसम (आकड्यांवरून काढलेले छोटे पडताळणी-अंक) जमा असतात. वेगळ्या तबकडीवरून, वेगळ्या ड्राइव्हने काढलेला चेकसम आपल्याशी जुळला, तर रिप बरोबर आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) ‘त्रुटी नाहीत’ दिसण्यापेक्षा कितीतरी भक्कम. ‘क्यूटूल्स’चा नोंदसंच याही पुढे जातो: त्यात दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, त्यामुळे थोडेसे बिघडलेले सॅम्पल मूळ रूपात परत मिळवता येतात.

हे सारे अवलंबून आहे ते कुणीतरी आधी तीच सीडी रिप केलेली असण्यावर. थोड्याच प्रती निघालेल्या नाट्यगीतांच्या किंवा अभंगांच्या सीडीची नोंद सापडेलच असे नाही. अशा वेळी ती दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हवर, दोन्हींचा ऑफसेट दुरुस्त करून, वाचावी आणि चेकसम ताडून पाहावेत. न जुळणारा ट्रॅक तबकडी पुसून, वेग कमी ठेवून पुन्हा काढावा.